ब्रेक पॅड कमी-जास्त झिजतात तेव्हा: आधी जुने पॅड बघा, मग नवे बसवा

चारही चाकांचे पॅड एकसारखे झिजावेत ही अपेक्षाच चुकीची आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं आणि बहुतेक गाड्यांत निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. त्यामुळे पुढचे पॅड मागच्यांपेक्षा लवकर संपणं हा बिघाड नाही. अलीकडच्या काही गाड्यांत उलटही दिसतं. स्टॅबिलिटी आणि ट्रॅक्शन कंट्रोल मागचे ब्रेक परस्पर लावत असल्याने मागचे पॅड आधी संपतात. तेही नॉर्मल.

बिघाड समजायचा तो पुढच्या तीन प्रकारांत. एकाच अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, डावं आणि उजवं चाक यांत फरक. एकाच चाकात आतला आणि बाहेरचा पॅड यांत फरक. किंवा एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. फरक २ मिलिमीटरच्या आत असेल तर नोंद करून पुढे जा. त्याहून जास्त असेल तर कारण शोधल्याशिवाय नवे पॅड बसवू नका. नवे पॅडही त्याच जागी, त्याच पद्धतीने झिजतील, आणि बहुतेक वेळा डिस्कही (पॅड जिच्यावर घासतात ती चाकासोबत फिरणारी चकती) सोबत घेऊन जातील.

म्हणून पहिला नियम: काढलेले पॅड एकत्र टाकून देऊ नका. प्रत्येकाच्या मागच्या पत्र्यावर मार्करने चाक आणि बाजू लिहा, उदाहरणार्थ ‘पुढचं डावं, आतला’. निदानाचा अर्धा भाग या चार किंवा आठ तुकड्यांतच असतो.

चाक काढण्याआधी

गाडी सपाट, कडक जमिनीवर लावा. पुढचं काम असेल तर मागच्या चाकांना उटी (चाक अडवणारी पाचर) लावा, मागचं असेल तर पुढच्यांना. मागच्या ब्रेकचं काम करताना हँडब्रेक सोडावाच लागतो, त्यामुळे उटीला पर्याय नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलून झालं की गाडीचा भार जॅक स्टँडवर द्या, आणि मगच हात आत घाला.

हत्यारं फार लागत नाहीत: पाना सेट, टॉर्क पाना, सी-क्लॅम्प, वायर ब्रश, कानस, व्हर्नियर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस आणि थोडी जाड तार. व्हर्नियरच्या जोडीला मायक्रोमीटर असेल तर डिस्क नीट मोजता येते. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल जवळपासही ठेवू नका. खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं, आणि मग आज बरा केलेला जाम काही महिन्यांत परत येतो.

ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही. स्प्रेने ओली करा, कापडाने पुसा.

चाक काढायच्या आधी एक झटपट तपासणी होते. जोरात ब्रेक न लावता दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, हळूहळू थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रिममधून डिस्कवर धरा. एकाच अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं जवळपास सारखी गरम असायला हवीत. एक चाक स्पष्टपणे जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय. थर्मामीटर नसेल तर डिस्कला हात लावायचा नाही. रिमजवळ तळहात नेला तरी फरक कळतो. दोन्हींत एखादं चाक थंडगार असेल तर उलट दोष: तिथला ब्रेक कामच करत नाही आणि दुसऱ्या बाजूचा पॅड दुप्पट राबतोय. जास्त झिजलेली बाजू म्हणजेच बिघडलेली बाजू, हे नेहमी खरं नसतं.

नेमकं काय मोजायचं

पॅडची जाडी म्हणजे फक्त घासणाऱ्या मटेरियलची जाडी. मागचा लोखंडी पत्रा साधारण ५ ते ६ मिलिमीटरचा असतो आणि नवखा माणूस हमखास तो धरून मोजतो. नव्या पॅडवर बहुधा १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं. ३ मिलिमीटरवर आलं की बदलायची वेळ झाली.

प्रत्येक पॅड चार कोपऱ्यांत मोजा आणि आकडे लिहून ठेवा. रिमच्या फटीतून डोकावून केलेल्या तपासणीवर विसंबू नका. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड; आतला पूर्ण संपून लोखंड डिस्कवर घासत असतानाही बाहेरचा ६ मिलिमीटर असू शकतो. चिरचिर आवाज करून इशारा देणारी पत्र्याची जीभही अनेक गाड्यांत फक्त आतल्या पॅडवर असते. म्हणजे बाहेरचा पॅड आधी संपला तर आवाज येतच नाही.

डिस्कही बघा, दोन्ही बाजूंनी. आतली बाजू आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसते. डिस्कच्या घासणाऱ्या भागात गंजाचा रुंद पट्टा राहिला असेल तर पॅड तिथे टेकतच नाही. कमीत कमी जाडी डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. मायक्रोमीटरने कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत, गोलाकार आठ ठिकाणी मोजा. व्हर्नियर इथे फसवतो, कारण डिस्कच्या काठावर न झिजलेली उंच कड असते आणि त्याचे जबडे तिच्यावरच बसतात. आठ मापांत ०.०२ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर पेडल थरथरेल, मग पॅड कितीही नवे असोत.

झीज काय सांगते

बहुसंख्य गाड्यांत सरकता कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असतो. पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. पेडल दाबल्यावर पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो. पॅड टेकला की अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पेडल सोडलं की पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील, जे दाबताना वाकलेलं असतं, मूळ आकारात येतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या अगदी थोड्या अंशाने मागे घेतं. परत ओढणारी स्प्रिंग वगैरे बहुधा नसते. इतक्या नाजूक हालचालीवर सगळं चालतं, म्हणून थोडा गंज किंवा वाळलेलं ग्रीसही पुरतं.

आतला पॅड जास्त झिजलाय: दोन मुख्य संशयित. पिना पूर्ण जाम असतील तर कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड डिस्कपर्यंत नीट येत नाही आणि सगळं काम आतला करतो. किंवा पिस्टन मागे येत नाही आणि आतला पॅड कायम टेकून राहतो. तिसरी शक्यता कमी मारक पण फार आढळणारी: आतल्या पॅडचे कान (पत्र्याची दोन्हीकडे बाहेर आलेली टोकं) ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत अडकलेत.

बाहेरचा पॅड जास्त झिजलाय: पिना अर्धवट चिकटल्यात. पेडलच्या जोराने कॅलिपर आत येतो, पण सोडल्यावर मागे जात नाही. किंवा बाहेरच्या पॅडचे कान अडकलेत.

पॅड लांबीत तिरका झिजलाय, एक टोक जाड आणि दुसरं पातळ: दोनपैकी एकच पिन जाम आहे, किंवा पॅडचा एकच कान अडकलाय. डिस्क फिरत येते त्या बाजूचं टोक थोडं जास्त झिजणं नैसर्गिक आहे, तेवढ्यावर घाबरू नका. मागच्या पॅडच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, ते पुढे येईल.

पॅड वर-खाली तिरका झिजलाय: ब्रॅकेट किंवा पिनेची भोकं घासून सैल झाली असतील, पॅड त्या गाडीचे नसतील, किंवा व्हील बेअरिंगमध्ये खेळ असेल. चाक लावलेलं असतानाच वर-खाली धरून हलवा, खेळ हाताला जाणवतो.

एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच, पण दुसऱ्या बाजूपेक्षा बरेच जास्त झिजलेत: इथे पिना निर्दोष असण्याची शक्यता जास्त. दाब अडकून राहतोय, आणि पहिला संशय कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या रबरी होजवर.

दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला घट्ट बसवलेला कॅलिपर असेल तर पिनांचा प्रश्नच नाही. ज्या बाजूचा पॅड कमी झिजलाय तिथला एखादा पिस्टन अडकून पुढे येत नाही, किंवा जास्त झिजलेल्या बाजूचा मागे जात नाही.

कारण पक्कं करणं

कॅलिपर उघडण्याआधी सोबत्याला चार-पाच वेळा पेडल दाबून सोडायला सांगा आणि चाक किंवा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) हाताने फिरवा. हलका घासल्याचा आवाज चालेल; फिरवायला जोर लागत असेल तर ब्रेक धरलाय. आता कॅलिपरच्या ब्लीड निपलवर (ऑइल आणि हवा बाहेर काढायचं तोंड) पारदर्शक नळी चढवा, तिचं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा उघडा.

ऑइलची चिळकांडी आली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब अडकला होता. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट असेल तर दोष यांत्रिक: पिस्टन, पिना किंवा पॅडचे कान.

दाब अडकला असेल तर पुढची पायरी. निपल बंद करा, परत पेडल दाबून सोडा, आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी पाइप जोडलाय, तो जोड किंचित सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष त्याच्या वर आहे: मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलमध्ये दाब तयार करणारा) किंवा एबीएस युनिट (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). मोकळं झालं नाही तर होज आतून फुगून बंद झालाय. असा होज बाहेरून अगदी नवा दिसू शकतो. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, पण सीलच्या हलक्या जोराने मागे येत नाही. पाइपचा नट साध्या पान्याने गोल होतो, त्यासाठी फ्लेअर पानाच वापरा. आणि जोड उघडला म्हणजे शेवटी ब्लीडिंग, म्हणजे निपलमधून हवा काढणं, करावंच लागणार.

चारही चाकं धरत असतील तर एकेका कॅलिपरमागे लागण्यात अर्थ नाही. पेडलला थोडी मोकळी चाल आहे का बघा. पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणारा पुशरॉड लांब झाला असेल तर मास्टर सिलिंडर ऑइल परत घेत नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातलं रबर फुगून वाकडं झालं असेल तर कुणीतरी चुकीचं तेल टाकलंय. मग ते फक्त बदलून भागत नाही. तेल जिथे पोचलंय तिथलं सगळं रबर बदलावं लागतं, आणि हे काम मेकॅनिककडे द्या.

दुरुस्ती: पिना आणि ब्रॅकेट

बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. लोक घाई करतात ती जागाही हीच, म्हणून इथे वेळ द्या. एका वेळी एकच चाक उघडा, दुसरं नमुना म्हणून तसंच राहू द्या.

१. कॅलिपरचे पिन बोल्ट काढा, कॅलिपर उचला आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर लोंबू देऊ नका.

२. दोन्ही पिना ओढून काढा. कुठली वरची, कुठली खालची हे लिहून ठेवा. अनेक गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो आणि दुसऱ्या पिनेला नसतो. अदलाबदल झाली की तिरकी झीज सुरू. बुश फुगून भोकात अडकला असेल तर तो बदला, ग्रीसने तो बरा होत नाही.

३. पिनेवरचं जुनं ग्रीस पूर्ण पुसा. बोटाला खड्डे किंवा गंज लागला तर पॉलिश करत बसू नका, पिन नवी घ्या. भोकंही आतून साफ करा, तळाशी वाळलेलं ग्रीस साचलेलं असतं.

४. पिनेवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. भोक ग्रीसने भरून टाकलं तर पिन आत जाताना हवा आणि ग्रीस कोंडतं आणि पिन स्वतःहून बाहेर येते. पिन आत ढकलताना तिच्या रबरी बूटची कड बोटाने जरा उचला म्हणजे हवा निघून जाईल. बरोबर बसलेली पिन बोटाने सरकते आणि सोडली तिथेच राहते.

५. ब्रॅकेटवरच्या पत्र्याच्या क्लिपा काढा. क्लिप चकचकीत दिसते, पण तिच्याखाली ब्रॅकेटला गंज धरतो, गंज फुगून क्लिप वर उचलतो आणि खाच अरुंद होते. वायर ब्रशने, लागलीच तर कानशीने, स्वच्छ धातू दिसेपर्यंत गंज काढा. गंजावरच नवी क्लिप ठोकणं म्हणजे कामाचा अर्धा भाग सोडून देणं.

६. नव्या क्लिपा लावून पॅड बसवून बघा. पॅड हाताने पुढे-मागे सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर गंज राहिलाय, किंवा पॅडच्या कानावर रंगाचा जाड थर आहे. तो थर कानशीने हलका घासा. कान टेकतात तिथे ग्रीसचं बोट फिरवा. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीस लागता कामा नये.

पिस्टन

टाकीत ऑइल काठोकाठ असेल तर थोडं आधी काढून घ्या, कारण पिस्टन मागे गेला की पातळी चढते. सांडलेलं ऑइल गाडीचा रंग खातं. लगेच पाण्याने धुवा.

पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्प सावकाश आवळा. चांगला पिस्टन एकसारख्या जोराने मागे जातो. थांबत, झटके देत गेला किंवा गेलाच नाही, तर धूळरोधक रबर बाजूला करून बघा. रबर फाटलंय आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे आहेत, तर नवखं कुणी असेल तर सील किटच्या भानगडीत न पडता कॅलिपर बदलावा, असं आमचं मत. नवा कॅलिपर बसवल्यावर ब्लीड निपल वरच्या टोकाला आलं पाहिजे. खाली आलं तर डावा-उजवा उलटा झालाय, आणि कितीही ब्लीड केलं तरी हवा निघणार नाही. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही वॉशर नवे घाला.

मागचे कॅलिपर वेगळे असतात. हँडब्रेक त्यातच असेल तर पिस्टन नुसता दाबून जात नाही, खास टूलने फिरवत आत न्यावा लागतो. क्लॅम्प लावला तर आतली यंत्रणा मोडते. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडवर (पॅड बदलण्यासाठी हँडब्रेक सैल करणारी सेटिंग) न्या. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात आणि काही गाड्यांत पॅडच्या मागच्या पत्र्यावर एक छोटी गुंडी असते. गुंडी खाचेत बसेल असाच पिस्टन फिरवून ठेवा. नाही बसली तर पॅड तिरका राहतो आणि तिरकाच झिजतो; वर म्हटलेलं कारण ते हेच. हँडब्रेक सोडल्यावर कॅलिपरवरचा लिव्हर मागच्या थांब्याला टेकतोय ना, हेही बघा. टेकत नसेल तर केबल अडकलीय किंवा जास्त ताणलीय.

ड्रम असतील तर

ड्रमच्या दोन शूंपैकी (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) पुढचा जास्त झिजणं बहुतेक गाड्यांत अपेक्षितच असतं. डाव्या-उजव्यात फरक असेल तर अ‍ॅडजस्टर जाम आहे का, हँडब्रेकची केबल परत येते का आणि व्हील सिलिंडर गळतोय का, एवढं तपासा. ऑइलने भिजलेला लायनर (शूवरचं घासणारं मटेरियल) धुऊन परत वापरू नका. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे दिसले तरी अनेक गाड्यांत एकाचे आटे उलटे असतात. बाजू बदलली तर ते ब्रेक जुळवण्याऐवजी सैल करत जातात.

जोडणी

पॅड नेहमी अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदला, दोष एकाच बाजूला असला तरी. डिस्क बसवण्याआधी हबचं तोंड वायर ब्रशने साफ करा. तिथला गंजाचा एक पापुद्राही डिस्क डुलायला पुरतो. इशारा देणारी जीभ आणि दिशेचा बाण जुन्या पॅडसारखेच बसवा. बोल्टचा टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच द्या: पिन बोल्टना तो बराच कमी असतो, ब्रॅकेटच्या बोल्टना जास्त, आणि अंदाजाने आवळल्यास पिन बोल्टचे आटे जातात.

ऑइलची लाइन उघडली असेल तर मॅन्युअलमधल्या क्रमाने ब्लीड करा. ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, आणि नुकतंच उघडलेल्या डब्यातलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही.

चाक लावून गाडी खाली घेतल्यावर, इंजिन चालू करून, गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिलं दाबणं थेट तळाला जातं. हे विसरून गाडी काढली तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही.

मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका, दोन वेळांत डिस्क थंड होऊ द्या. गरम ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

सुमारे ५०० किलोमीटरनंतर चाकं काढून पॅड परत चारही कोपऱ्यांत मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. इतक्या अंतरात आकडे फारसे बदलणार नाहीत, पण डिस्कवरचा घासलेला पट्टा पूर्ण रुंदीचा आणि दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे दिसेल. पट्टा अरुंद किंवा एका बाजूला असेल तर पिना आणि क्लिपा परत उघडा. व्हील नटचा टॉर्कही त्याच वेळी तपासा.